कवितेत वस्ती आहे, आखीव पत्रिका नाही

दलित कवितेतलं शहर म्हटलं की आपले समीक्षक 'गोलपिठा'कडं बोट दाखवतात आणि मोकळे होतात. प्राध्यापक मंडळी त्याच्यावर निबंध वाचतात, टाळ्या घेतात, घरी जातात. पन्नास वर्षं हेच चालू आहे. नामदेव ढसाळांनी शहराचं पोट फाडून दाखवलं यात वाद नाही. पण दोस्तांनो, मला दुसराच प्रश्न पडला आहे. ज्या जमिनीवर ते शहर उभं आहे ती जमीन कोणाच्या नावावर आहे, हे आमच्या साहित्यात कुठं लिहिलं आहे? आमच्या कवितेत वस्ती आहे. वस्तीतली भूक आहे, दारू आहे, पोलिसाची काठी आहे, नळावरचं भांडण आहे. आखीव पत्रिका नाही. नकाशा नाही. नोटीस नाही. आणि आज आमची घरं काठीनं कमी आणि कागदानं जास्त पडतात.

मी कुठल्या कॉलेजात साहित्य शिकलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली. कापसाच्या मोसमात जिनिंग मिलमध्ये असतो, मोसम संपला की मिळेल ते काम. वाचलं ते विहाराच्या कपाटातलं आणि मित्रांकडून मागून आणलेलं. भद्रावतीत राहतो. तेव्हा हे लिहिणं विद्यापीठी होणार नाही. पण जे म्हणतो ते तपासून पाहा, म्हणणारा कोण ते सोडा.

आधी ज्याचं माप त्याला दिलं पाहिजे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि 'चिरागनगरची भुतं' लिहून गेले. बाबूराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पातून उठले, त्यांचं 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ सालचं. नारायण सुर्वे गिरणीतून, फुटपाथवरून कवितेत आले. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली निघालं, त्यातला कावाखाना, तिथली दाटीवाटीची बिऱ्हाडं, कागद-चिंध्या वेचणाऱ्या बाया मराठी वाचकानं त्याआधी पाहिल्याच नव्हत्या. तोवर मराठी कथा-कादंबरीतलं शहर म्हणजे गॅलरी, दिवाणखाना, चहाचा कप आणि नवरा-बायकोचं दुखणं. हे शहर या माणसांनी मोडलं. ते काम लहान नाही.

पण ते ज्या काळात लिहीत होते त्या काळात आमच्या जागेला किंमत नव्हती आणि आम्हालाही नव्हती. आता जागेला किंमत आली आहे. आम्हाला अजून नाही. नाल्याकाठची, रुळाकाठची, स्मशानाच्या बाजूची जी जमीन कुणालाच नको होती म्हणून आमच्या वाट्याला आली, तिच्यावरून आता रस्ता जातो, उड्डाणपूल जातो, तिच्या बाजूला मॉल येतो. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं आणि आम्हालाच म्हणू लागलं, तुम्ही मधे आलात. ही गोष्ट नवी आहे. ती लिहायला जुनी शब्दसंपत्ती पुरत नाही. माझा सगळा मुद्दा इथं आहे.

घराला जात असते हे गावात सगळ्यांना दिसतं. शहरात ती कागदाखाली लपते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, गरिबाच्या वस्त्या पाडत रस्ते रुंद करू लागला, आणि मग त्यानं चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीच्या दोन खोल्यांत बाबासाहेब कित्येक वर्षं राहिले. पुढं १९२० साली सरकारचं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. त्याच्या २०७ बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. कामगार एक, वर्ग एक असं लाल झेंडेवाले म्हणत होते. पण त्याच कामगाराला गिरणीत विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे आणि महाराच्या तोंडचा धागा इतरांना विटाळाचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. खात्यात जात होती तशी चाळीतही होती. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आठवडा उलटायच्या आत भागवत जाधव गेला. पँथर तिथल्या खोल्यांतून, जिन्यांतून, मैदानातून लढत होती. म्हणजे घर हे आमच्या चळवळीचं नुसतं राहण्याचं ठिकाण नव्हतं, ते लढ्याचं ठिकाण होतं.

आता त्याच गिरणगावाचं पुढं काय झालं बघा. मी ज्या कापसाची सरकी काढतो त्याच्या गाठी एकेकाळी इथून त्या गिरण्यांना जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप कधी संपला हे कुणी जाहीरच केलं नाही. गिरण्या मेल्या, पण गिरण्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन जिवंत होती. १९९१ साली नियम झाला. जमिनीचे तीन वाटे. एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली तो नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभी होती ती मोकळी कशी म्हणणार? ती मालकाकडं राहिली. हायकोर्टानं २००५ साली हे चुकीचं ठरवलं, ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल फिरवला. झालं. लाखो कामगारांचं शहर गेलं ते एका 'मोकळ्या' या शब्दात गेलं. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथांत गिरणगावातल्या घराची पडझड फार जवळून दिसते. ते वाचावंच. पण जो शब्द हा सगळा खेळ करून गेला त्या शब्दावर कविता कुणी लिहायची? शब्द हा तर आमचा धंदा आहे न!

तुम्ही म्हणाल, मुंबईचं मुंबईवाल्यांना. इकडं जंगल, कोळसा आणि ऊन. इकडं कुठला बिल्डर आणि कुठला मॉल?

तर इकडंच या. आपल्याकडं बिल्डरच्या जागी खाण आहे. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं. पडलं असं मी म्हणत नाही, खाली गेलं. आतली माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत कोळशाची खाण होती, पोकळ. आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली. आता मला सांगा, पायाखालची जमीन सरकणे असं आपण कवितेत किती वेळा लिहिलं? आमच्या जिल्ह्यात ती खरोखर सरकते आणि कवी मात्र अजून उपमेतच अडकलेला.

भद्रावतीजवळ १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी शेतजमीन घेतली गेली. केंद्रानं ज्या आठ खाजगी वीज प्रकल्पांना घाईनं पुढं केलं त्यातला १०८२ मेगावॉटचा एक आपल्या भद्रावतीचा. वीज निघाली नाही. शेती गेली ती गेली. चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं केंद्र जळतं, २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची जी यादी केली त्यात चंद्रपूर चौथं होतं. या विजेवर दूरची शहरं उजळतात. इथला शेत गेलेला माणूस, खाणीत रोजंदारीनं लागलेला माणूस, गडचिरोलीकडून पोटासाठी आलेला गोंड, माना, तो शहराच्या कडेला नझूलच्या जागेवर, झुडपी जंगलाच्या जागेवर, रेल्वेच्या कडेला चार पत्रे ठोकून राहतो. एका सरकारी कागदावर तो प्रकल्पग्रस्त असतो, दुसऱ्यावर अतिक्रमणधारक. माणूस तोच.

आमच्या मोहल्ल्यात मागं एका कार्यालयाची नोटीस लागली. कोणतं कार्यालय ते राहू द्या, भाषा सगळ्यांची एकच असते. आपण शासकीय जागेवर अनधिकृतपणे अतिक्रमण केले असून ते सात दिवसांचे आत काढून घेण्यात यावे, अन्यथा ते निष्कासित करण्यात येईल आणि येणारा खर्च आपणाकडून वसूल करण्यात येईल. शेजारची मावशी मला म्हणाली, "काय लिवलं हाये रे, बाबू?" मी म्हटलं, "मावशी, घर काढा म्हणते." ती म्हणाली, "कोण म्हणते?"

मी परत वाचलं. कोण म्हणते ते त्यात नव्हतं. काढण्यात येईल, पण कोण काढील ते नाही. वसूल करण्यात येईल, पण कोण करील ते नाही. खाली एक शिक्का आणि वाचता न येणारी सही. मावशीला सहीपुरतंच लिहिता येते, पण तिनं त्या मजकुरावर दोन शब्दांत जी समीक्षा केली ती मला आजवर कुठल्या मासिकात दिसली नाही. व्यवस्थेच्या गद्यात कर्ता नसतो. पाडणारा हात त्या वाक्यात येतच नाही, फक्त ज्याचं पाडायचं तोच येतो, तोही 'आपण' म्हणून, मोठ्या मानानं.

या भाषेतले आणखी दोन शब्द घ्या. पात्र आणि अपात्र. नाटकात पात्र म्हणजे ज्याला बोलायला वाक्य आहे तो. झोपडपट्टीच्या योजनेत पात्र म्हणजे ज्याच्याकडं ठरल्या तारखेच्या आधीचा पुरावा आहे तो. ही तारीख मुंबईत सरकत आली. १९७६ साली झोपड्यांची मोजणी झाली, फोटोपास वाटले. मग १ जानेवारी १९९५. मग १ जानेवारी २०००. मग पैसे भरून १ जानेवारी २०११. गावात जन्म कुठल्या घरात झाला यावरून माणसाची जागा ठरत होती. शहरात तो कुठल्या तारखेला आला यावरून ठरू लागली. आणि उशिरा येतो कोण? ज्याला गावानं सगळ्यात शेवटी सोडलं, ज्याच्याकडं विकायलाही काही नव्हतं, तोच. त्याच्याकडं जुनं लाइट बिल कुठून असणार? म्हणून मी म्हणतो, अपात्र हा शब्द अस्पृश्य या शब्दाचा शहरात राहणारा भाऊ आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. आनंदच आहे. शंभर वर्षांच्या भाडेकरूपणाला मिळालं, संघटनेला मिळालं. पण त्याच शहरात झोपडीत राहणारा पात्र ठरला तर त्याला ३०० चौरस फूट. धारावीच्या २०२२ नंतरच्या योजनेत पात्राला ३५० फूट धारावीतच, अपात्राला धारावीबाहेर जा. ५००, ३५०, ३०० आणि बाहेर. ही नवी उतरंड आहे, आणि ती फुटांत मोजलेली आहे. चार वर्ण शिकलेल्या देशाला अशी उतरंड बांधायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडं या. रमाई आवास आहे, पंतप्रधान आवास आहे. स्वतःचं घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे, पण त्याला पायाखालची जागा स्वतःच्या हक्काची लागते. ज्याला जागा आहे त्याला घर मिळते. ज्याला जागाच नाही त्याला रमाईचं नाव मिळते. विटेचे पैसे देणारे पुष्कळ आहेत, जमिनीचा कागद देणारा एकही लवकर भेटत नाही.

आता आपल्या आवडत्या विषयाकडं येतो. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याची विटंबना, गोळीबार, १० माणसं मेली. त्यावर महाराष्ट्रभर गाणी झाली, कविता झाल्या. विलास घोगरे यांच्यासारखा शाहीर त्या दुःखात गेला. हे सगळं आपल्याला पाठ आहे आणि असलंच पाहिजे. पण त्याच रमाबाई नगरात २०२४ पासून सुमारे १७ हजार झोपड्यांच्या पुनर्विकासाची योजना पुढं सरकली, तिच्यातून ठाण्याकडं जाणारा मोठा रस्ता काढायचा आहे. तिथं कोण पात्र, कोण अपात्र, भाड्याच्या घरात किती वर्षं, परत आल्यावर लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च कोणी भरायचा, पुतळ्याभोवतीची सभेची जागा नकाशात राहिली की गेली, यावर कविता किती झाल्या? गोळीनं मेलेली वस्ती आम्हाला कवितेत चालते. योजनेनं हलवलेली वस्ती दिसत नाही.

हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत १९४९ च्या कायद्यानं शहर सुधारणेच्या नावाखाली काळ्या लोकांचे मोहल्लेच्या मोहल्ले साफ झाले. लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ साली तोंडावर सांगितलं की या सुधारणेचा अर्थ काळ्यांना हटवणं एवढाच आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोफियाटाउनमधून काळ्यांना उचलून ट्रकांत घालायला ९ फेब्रुवारी १९५५ ला सुरुवात झाली. वस्ती पाडून तिथं गोऱ्यांची वसाहत केली आणि तिला नाव दिलं ट्रिओम्फ, म्हणजे विजय. कोणाचा विजय ते विचारायला नको. पण तिथल्या लेखकांनी, ब्लोक मोडिसाने आणि कॅन थेंबा यांच्यासारख्यांनी, ती वस्ती पडताना लिहून ठेवली. हळहळ लिहिली तशी गल्ली लिहिली, दुकान लिहिलं, कोण कुठं राहत होता ते लिहिलं. २००६ साली त्या जागेला सोफियाटाउन हे नाव परत मिळालं. नाव परत मागायला ते कुणाच्या तरी लक्षात असावं लागतं. ज्यांच्या पँथरवरून आम्ही आमच्या संघटनेचं नाव घेतलं त्यांच्याकडून आणि त्यांच्या या आफ्रिकेतल्या भावांकडून आम्ही हेही घ्यायला पाहिजे होतं.

आमच्याकडं काय चाललं आहे? जयंतीच्या कविसंमेलनाला जा. दहा कवी, दहाही जणांच्या कवितेत सूर्य उगवतो, मशाल पेटते, ज्वालामुखी फुटतो. टाळ्या पडतात. ज्या मंडपात हे चालते तो मंडप ज्या मैदानात आहे त्या मैदानाची मोजणी झालेली असते आणि खुंट्या ठोकलेल्या असतात. एकाही कवीला खुंटी दिसत नाही. सूर्याकडं पाहून पाहून आमच्या कवींचे डोळे दिपले आहेत. विद्रोह हा शब्द इतका वापरला की पन्नासच्या जुन्या नोटेसारखा तो मऊ पडला. ही टीका मी बाहेर उभा राहून करत नाही, आपल्याच सतरंजीवर बसून करतो.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, मग काय कवीनं तलाठ्याचं काम करायचं? कविता आणि सिटी सर्व्हेचं दफ्तर यात फरक आहे की नाही? आहे बाप्पा, फरक आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपला बाप काय करत होता ते आठवावं. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलं. १९२८ साली महार वतनाचा कायदा फोडून दाखवला की चतकोर जमिनीच्या मोबदल्यात आख्खी जात राबते. १९३७ साली खोती नष्ट करायचं बिल आणलं. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करा म्हणून लिहिलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. या परंपरेत कागद वाचणं हे कारकुनी काम नव्हतं, ती लढाई होती. ती परंपरा शेतजमिनीपाशी थांबली. बाबासाहेबांचं ऐकून आम्ही गाव सोडलं, शहरात आलो. शहराच्या जमिनीचा सत्याग्रह अजून व्हायचा आहे, आणि त्याची भाषाही अजून व्हायची आहे.

ती भाषा घोषणेची असावी असं मी म्हणत नाही. घोषणेला भिंत पुरते. कवितेनं एक गोष्ट करावी. नोटिशीतून जो कर्ता पळाला त्याला पकडून वाक्यात परत आणावं. कोण म्हणते, या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मोजायला कोण आला, खुंटी कुणी ठोकली, मीटिंग कोणाच्या घरी झाली, नगरसेवक कुठं बसला होता, बाया कुठं उभ्या होत्या, पाणी कोण वाहत होतं, घर पाडताना आधी कपाट काढलं की फोटो. आणि तारीख घालावी. तारखेला पुराव्याचं वजन असते. उद्या कुणी म्हणाला की इथं वस्ती नव्हतीच, तर ज्वालामुखीची कविता दाखवून चालणार नाही. १९८३ साली इथं पहिला नळ आला, हे लिहिलेली कविता दाखवता येईल. हे केलं तर कविता बिघडेल असं मला वाटत नाही. ढसाळांची कविता मोठी झाली ती याच कारणानं, त्यांनी गल्लीला गल्लीच्या नावानं हाक मारली.

आपल्या भद्रावतीच्या विजासन टेकडीत बुद्धाची लेणी आहेत. आमच्या लोकांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा घेतली आणि मग गावोगाव विहार उभे केले. विहार या शब्दाचा जुना अर्थच भिक्खूंची राहण्याची जागा असा आहे. म्हणजे धम्मातही राहण्याच्या जागेची गोष्ट मधोमध आहे. मग आमच्या विहारांच्या कपाटात ग्रंथांच्या बाजूला वस्तीची एक वही का असू नये? पहिलं घर कोणाचं, कोणत्या सालचं, तो कुठल्या गावाहून आणि का आला. जुनी लाइट बिलं, मतदार यादीतलं नाव, शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती, यांच्या प्रती. हे काम बारावी नापास पोरगाही करू शकतो. म्हाताऱ्यांना जे तोंडपाठ आहे ते त्यांच्याबरोबर जळून जाण्याआधी लिहून घ्यावं लागेल. कविता त्या वहीतून निघू द्या.

संपादकांना माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकासाठी जो कोणी कविता पाठवील त्यानं कवितेखाली आपल्या नावाबरोबर आपल्या वस्तीचं नाव, ती वसल्याचं साल आणि तिथली जमीन कागदावर कोणाच्या नावानं आहे ते लिहावं. नझूल, वनखातं, रेल्वे, खाण, पाटील, जे असेल ते. तेवढंच स्टेन्सिल कापताना दोन ओळी जास्त. वीस कविता आल्या तरी वीस वस्त्यांचा हिशेब एका ठिकाणी येईल, आणि तो हिशेब घेऊन आपल्याला कार्यालयाच्या दारात उभं राहता येईल.

जयभीम.